टोकदार कमानींचे कोल्हापूर

कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयासमोर जुन्या झाडांच्या दाट सावलीत काळ्या दगडाची एक इमारत उभी आहे. दोन बाजूंना दोन मनोरे, त्यांवर निमुळती होत वर गेलेली उंच छपरे आणि खाली टोकदार कमानींचा दर्शनी मंडप. कोल्हापुरात नव्याने आलेला माणूस तिच्याकडे पाहून हमखास विचारतो, "हे कुठलं चर्च?" त्याचा अंदाज अगदीच चुकीचा म्हणता येणार नाही. ज्या शैलीत ही वास्तू बांधली आहे, ती युरोपातल्या प्रार्थनामंदिरांतच जन्मली आणि वाढली. पण या इमारतीत प्रार्थनेसाठी कधी कोणी जमले नाही. हा कोल्हापूरचा टाऊन हॉल. नगरातल्या सभांसाठी तो १८७२ ते १८७६ या काळात बांधला गेला आणि गेली सात दशके तेथे पुरावस्तूंचे संग्रहालय आहे.

चर्चचे रूप, नगरसभेचे नाव आणि संग्रहालयाचे काम, अशा तीन गोष्टी या एका वास्तूत एकत्र आल्या आहेत. त्या कशा आल्या हे पाहायला गेले, की कोल्हापूरच्या इतिहासातला एक विलक्षण कालखंड समोर येतो. त्या काळात शहराला त्याच्या सर्वांत देखण्या दगडी इमारती मिळाल्या आणि त्याच काळात गादी मात्र जवळजवळ रिकामी होती.

कमानीचा प्रवास

आधी त्या टोकदार कमानीबद्दल. अर्धगोल कमानीवर भार आला की ती दोन्ही बाजूंच्या भिंतींना जोराने बाहेर रेटते. त्यामुळे भिंती जाड ठेवाव्या लागतात, खिडक्या लहान कराव्या लागतात आणि आत काळोख राहतो. कमानीला वर टोक काढले की हा भार अधिक सरळ खाली उतरतो, बाजूचा रेटा कमी होतो. मग भिंत बारीक करता येते, खिडकी उंच करता येते आणि छत आणखी वर नेता येते. बाराव्या शतकात फ्रान्समधल्या गवंड्यांनी या गुणाचा पुरेपूर उपयोग केला आणि तेथून गॉथिक शैली इंग्लंड, स्कॉटलंड, जर्मनीपर्यंत पसरली. मोठ्या शहरांच्या कॅथेड्रलपासून खेड्यातल्या लहान चर्चपर्यंत ही कमान पोहोचली.

पुढे काही शतके ही शैली मागे पडली. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये तिचे पुनरुज्जीवन झाले आणि इंग्रजांच्या गलबतांतून ती मुंबईला उतरली. कुलाब्याचे अफगाण चर्च १८५८ मध्ये प्रार्थनेसाठी खुले झाले, तेव्हा गॉथिक म्हणजे चर्च हेच समीकरण होते. पण १८६० नंतर गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी मुंबईच्या किल्ल्याचा तट पाडायला घेतला, मोकळ्या झालेल्या जागेवर सार्वजनिक इमारतींची रांग उभी राहू लागली आणि तीच कमान विद्यापीठाच्या दीक्षान्त सभागृहाला, राजाबाई टॉवरला, उच्च न्यायालयाला लागली. राजाबाई टॉवर आणि उच्च न्यायालय दोन्ही १८७८ मध्ये पूर्ण झाले. देवघराची शैली आता कचेरीची, न्यायाची आणि विद्येची शैली झाली होती.

कोल्हापूरचा टाऊन हॉल याच दशकातला आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. मुंबईत ज्या वर्षांत न्यायालयाचे चिरे चढत होते, त्याच वर्षांत पंचगंगेकाठच्या या संस्थानी राजधानीतही टोकदार कमानी उभ्या राहत होत्या. दूरच्या संस्थानात मागाहून पोहोचलेली ती नक्कल नव्हती. मुंबई इलाख्यात त्या वेळी जे नवे घडत होते, त्याच्या अगदी बरोबरीने कोल्हापूर चालले होते.

गादी आणि गवंडीकाम

हे घडले ते कोणाच्या आज्ञेने? या प्रश्नाचे उत्तर कोल्हापूरकरांनी नीट समजून घ्यायला हवे.

१८४४ मध्ये गडकऱ्यांनी सामानगड, पन्हाळा, भुदरगड भागांत बंड केले. ते मोडल्यावर संस्थानच्या कारभारावर इंग्रजांची पकड घट्ट झाली. १८५७ मध्ये कोल्हापुरातल्या २७व्या पलटणीने उठाव केला. राजबंधू चिमासाहेब महाराजांवर इंग्रजांचा संशय बसला आणि त्यांना कराचीला नेऊन कैदेत ठेवण्यात आले. ते परत आले नाहीत, १८६९ मध्ये तेथेच त्यांचा मृत्यू झाला. या दोन घटनांनंतर संस्थानात खरी सत्ता पोलिटिकल एजंटाच्या बंगल्यात होती.

१८६६ मध्ये तिसरे शिवाजी महाराज, म्हणजे बाबासाहेब महाराज, निवर्तले आणि दत्तक आलेले राजाराम महाराज गादीवर बसले. वय अवघे सोळा. त्यांना इंग्रजी शिक्षण मिळाले होते आणि नव्या जगाबद्दल कुतूहल होते. १८७० मध्ये ते विलायतेला निघाले. समुद्र ओलांडून युरोपला जाणे त्या काळच्या हिंदू राजाला सोपे नव्हते, तरी ते गेले. लंडनमध्ये राणी व्हिक्टोरियाची भेट झाली. तिथल्या संस्था, सभा, माणसे त्यांनी पाहिली आणि रोजनिशीत लिहून ठेवली. परतीच्या वाटेवर इटलीत फ्लॉरेन्सला त्यांची प्रकृती बिघडली आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. ते फक्त वीस वर्षांचे होते.

इटलीत त्या काळी दहनाला परवानगी नव्हती. फ्लॉरेन्सच्या नगरपालिकेने खास परवानगी दिली आणि आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर हिंदू पद्धतीने त्यांचे अंत्यसंस्कार झाले. संगमावरच्या त्या जागी १८७४ मध्ये एक छत्री उभारली गेली. तिच्या खाली महाराजांचा अर्धपुतळा आहे. तो चार्ल्स फ्रान्सिस फुलर या शिल्पकाराने घडवला. छत्रीचा आराखडा केला मेजर चार्ल्स मँट यांनी. आज फ्लॉरेन्सचे लोक त्या भागाला 'इंदियानो' म्हणूनच ओळखतात आणि जवळच्या १९७८ सालच्या पुलालाही तेच नाव आहे. महाराजांची रोजनिशी कॅप्टन एडवर्ड वेस्ट यांनी संपादित करून १८७२ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध केली.

राजाराम महाराजांच्या मागे १८७१ मध्ये चौथे शिवाजी महाराज दत्तक आले. ते तेव्हा आठ वर्षांचे होते. राजा अज्ञान, म्हणून कारभार एजंटाच्या देखरेखीखाली. खजिना कोल्हापूरचा, निर्णय मात्र साहेबाचा. याच काळात टाऊन हॉलचा पाया घातला गेला, हायस्कूलची इमारत झाली, मोठ्या रुग्णालयाचे आणि नव्या राजवाड्याचे काम सुरू झाले. या इमारतींत दूरदृष्टी नव्हती असे कोणी म्हणणार नाही. शाळा, दवाखाना, सभागृह या शहराच्या गरजाच होत्या. पण ज्यांच्या पैशाने त्या उभ्या राहिल्या त्या रयतेला, आणि ज्यांच्या नावाने उभ्या राहिल्या त्या राजाला, कोणी काही विचारल्याचे दिसत नाही.

पुढे जे झाले त्याने सारा महाराष्ट्र हळहळला. तरुण शिवाजी महाराजांना वेड लागले आहे, असे कारभाऱ्यांनी ठरवले. त्यांचा छळ होत असल्याच्या बातम्या बाहेर आल्या आणि 'केसरी' व 'मराठा' या नव्या पत्रांनी त्यावर आवाज उठवला. दिवाण महादेव वासुदेव बर्वे यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि १८८२ मध्ये टिळक व आगरकर यांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. महाराजांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. २५ डिसेंबर १८८३ रोजी पहारेकरी गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर त्यांचा मृत्यू झाला. त्या वेळी कोल्हापुरात नव्या राजवाड्याचे शेवटचे काम चालू होते. ज्याच्या राज्यात हा वाडा बांधला गेला, तो राजा त्यात राहायला कधी आलाच नाही.

म्हणून टाऊन हॉलच्या दगडांकडे पाहताना दोन गोष्टी एकदम डोळ्यांपुढे याव्यात. एक, त्या काळी शहरात उतरलेली नवी कल्पना. दुसरी, ती कल्पना ज्या लोकांच्या नावाने आली त्यांच्या हातात नसलेली सत्ता.

मँटचे कोल्हापूर

चार्ल्स मँट लष्करी अभियंते होते. जेमतेम विशीत ते हिंदुस्थानात आले आणि १८८१ मध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावरच, वारले. या वीस-बावीस वर्षांत त्यांनी सुरतपासून अजमेरपर्यंत आणि बडोद्यापासून कूचबिहार, दरभंग्यापर्यंत इमारतींचे आराखडे केले. अजमेरचे मेयो कॉलेज आणि बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडा ही त्यांची सर्वांना माहीत असलेली कामे. पण त्यांच्या विचाराची वाटचाल एकाच शहरात, क्रमाने पाहायची असेल, तर कोल्हापूरइतकी चांगली जागा दुसरी नाही.

टाऊन हॉल हे त्यांचे कोल्हापुरातले सुरुवातीचे काम. येथे गॉथिक शैली जवळजवळ जशीच्या तशी आहे. टोकदार कमानी, उंच खिडक्या, उभट छपरे, दोन बाजूंचा तोल सांभाळणारे मनोरे. युरोपात उभट छप्पर बर्फ घसरून खाली पडावा म्हणून उपयोगी पडते. सह्याद्रीच्या कुशीतल्या कोल्हापुरात पावसाळ्याचे चार महिने पाणी झरझर वाहून जावे म्हणून तेच छप्पर उपयोगी ठरले. दगड मात्र इथलाच, दख्खनचा काळा बेसॉल्ट. युरोपातला वालुकाश्म किंवा चुनखडीचा दगड मऊ असतो, त्यावर बारीक नक्षी सहज उमटते. बेसॉल्टवर टाकी चालवणे फार कष्टाचे. त्याच्या कडा घासून सरळ करायलाच पाथरवटाचा दिवस जातो. म्हणून येथे कोरीव काम आटोपशीर आहे आणि इमारतीचे सौंदर्य तिच्या बाह्यरेषेत, प्रमाणात आणि सावल्यांत आहे. आराखडा साहेबाचा असला, तरी त्या दगडाला आकार आला तो इथल्या पाथरवट-गवंड्यांच्या हातांनी. त्यांची नावे कोठे कोरलेली नाहीत.

यानंतरच्या कामांत मँट बदलत गेले. टाऊन हॉलसमोरचे अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल आणि त्यानंतरचा नवा राजवाडा यांत घुमट, छत्र्या, सज्जे, कंगोरे येऊ लागले. नव्या राजवाड्यात गुजरात-राजस्थानच्या हिंदू आणि जैन वास्तूंचे घटक आहेत, इथल्या जुन्या राजवाड्याची छाया आहे आणि मधोमध अष्टकोनी घड्याळाचा मनोरा आहे. पाश्चात्त्य बांधणीला हिंदुस्थानी अंगरखा घालण्याची ही शैली पुढे देशभर इंडो-सारासेनिक या नावाने रूढ झाली. ती घडत असतानाचे टप्पे कोल्हापुरात एका फेरफटक्यात पाहायला मिळतात. टाऊन हॉलपासून निघावे, रस्ता ओलांडून रुग्णालयाची इमारत पाहावी आणि कसबा बावड्याच्या वाटेने नव्या राजवाड्यापर्यंत जावे. एका माणसाचा विचार परक्या शैलीकडून इथल्या मातीकडे कसा वळला, हे दगडांतच वाचता येते.

मँट यांचा शेवट दुःखद झाला. आपली आकडेमोड चुकली आहे, आपण रचलेले वाडे कोसळतील, या भयाने त्यांचे मन ढळले, असे त्यांच्याविषयी लिहिले गेले आहे. ते भय खोटे ठरले. १९६७ च्या कोयना भूकंपाने हा सारा मुलूख हादरला, दीडशे पावसाळे आले आणि गेले, तरी टाऊन हॉलच्या कमानी आजही जागच्या हललेल्या नाहीत.

सभागृह कोणासाठी?

राजधानीत दरबार असतो. दरबारात राजा उंचावर बसतो आणि बाकीचे आपापल्या मानाप्रमाणे. नगरसभेचे सभागृह ही वेगळी गोष्ट आहे. गावचे लोक गावाच्या प्रश्नांसाठी एकत्र बसतील, व्याख्याने ऐकतील, ठराव करतील, ही कल्पना त्यामागे असते. कोल्हापूरची नगरपालिका १८५४ मध्येच स्थापन झाली होती, पण तिचे सभासद सरकार नेमत असे. त्याआधी १८५० मध्ये कोल्हापुरात ग्रंथालय निघाले होते, तेच आजचे करवीर नगर वाचन मंदिर. म्हणजे शहरात वाचणारा, चर्चा करणारा वर्ग तयार होत होता. त्याला बसायला एक भव्य छप्पर मिळाले, पण बोलायचा अधिकार अजून पुरता मिळालेला नव्हता.

हायस्कूलच्या वास्तूने मात्र आपले काम लगेच सुरू केले. १८८० मध्ये तेथे राजाराम महाराजांच्या नावाचे कॉलेज निघाले आणि गोपाळ कृष्ण गोखले यांच्यासारखे विद्यार्थी त्या कॉलेजात शिकले. फ्लॉरेन्सच्या नदीकाठी गेलेल्या त्या तरुण राजाचे खरे स्मारक हेच म्हटले पाहिजे.

१८८४ मध्ये कागलच्या घाटगे घराण्यातून यशवंतराव दत्तक आले आणि शाहू महाराज झाले. १८९४ मध्ये त्यांच्या हाती राज्याधिकार आले. तेव्हापासून कोल्हापूरच्या इमारतींचा स्वभावच बदलला. शाहू महाराजांनी विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उघडली, १९१२ मध्ये कुस्तीसाठी खासबाग मैदान बांधले, त्याला लागूनच १९१५ पर्यंत नाटकासाठी पॅलेस थिएटर उभे केले. येथे वास्तूचा हेतू आधी ठरला आणि तो हेतू रयतेच्या पोटातून, तालमीतून, नाट्यवेडातून आलेला होता. टाऊन हॉलसारखी बाहेरून आलेली कल्पना आणि खासबागेसारखी आतून आलेली गरज, या दोन्ही गोष्टींचे दगड आज एकाच शहरात शेजारी उभे आहेत.

ब्रह्मपुरीचे ऋण

टाऊन हॉलला त्याचे आजचे काम मिळाले ते जमिनीखालून.

शहराच्या पश्चिमेला, पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीची टेकडी आहे. टाऊन हॉल बांधून झाला त्याच सुमारास, १८७७ च्या आसपास, या टेकडीवर सातवाहनकालीन नाण्यांचा मोठा साठा सापडला होता आणि कोल्हापूर दोन हजार वर्षांपूर्वी नांदते नगर होते याची चाहूल लागली होती. पुढची पासष्ट-सत्तर वर्षे या टेकडीने आपले गुपित राखले. १९४४ मध्ये राजाराम कॉलेजातले विद्वान प्राध्यापक के. जी. कुंदणगार यांच्या प्रयत्नांतून तेथे धातूच्या वस्तूंचा एक ठेवा हाती आला. मग पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांनी १९४५-४६ मध्ये शास्त्रशुद्ध उत्खनन केले.

जे निघाले ते थक्क करणारे होते. सातवाहन काळातली पक्क्या विटांची घरे, भांडी, मणी, नाणी. त्यांवरच्या थरांत शिलाहार आणि बहामनी काळच्या वस्तीच्या खुणा. काचेच्या बांगड्यांचे इतके तुकडे मिळाले की भारतातल्या बांगडीच्या इतिहासाचा अभ्यास सांकळियांना त्यावरून करता आला. आणि त्या धातूच्या ठेव्यात एक लहानशी ब्राँझची मूर्ती होती, समुद्रदेव पोसायडनची. ग्रीक देव, रोमन जगात घडवलेला, अरबी समुद्र ओलांडून, सह्याद्रीचा घाट चढून पंचगंगेच्या काठी आलेला. त्याच्याबरोबर रोमन धाटणीचे ब्राँझचे पात्र होते, स्वारांसह हत्ती होता. घाटमाथ्यावरचे कोल्हापूर सातवाहनांच्या काळात भूमध्य समुद्रापर्यंतच्या व्यापाराशी जोडलेले होते, याचा हा हातात घेता येणारा पुरावा.

या वस्तू ठेवायच्या कोठे? १९४५-४६ मध्ये कोल्हापूरचे संग्रहालय स्थापन झाले ते मुख्यतः या प्रश्नातून. आणि १९४९ मध्ये ते टाऊन हॉलमध्ये आले. त्याच वर्षी, १ मार्च १९४९ रोजी, कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले होते. दरबाराचा काळ संपला होता. एजंटाच्या काळात बांधलेल्या सभागृहात आता शहराने स्वतःच्या जमिनीतून वर काढलेला इतिहास मांडला गेला.

हा बदल फार अर्थपूर्ण आहे. १८७६ मध्ये ही इमारत कोल्हापूरला 'नवे' दाखवण्यासाठी उभी राहिली. १९४९ पासून ती कोल्हापूरचे 'जुने' जपू लागली. ज्या इमारतीचे रूप युरोपातून आले, तिच्या आत रोमन जगातून दोन हजार वर्षांपूर्वी आलेला पोसायडन बसला. पण पोसायडन येथे व्यापारातून, बरोबरीच्या नात्याने आला होता. टाऊन हॉलच्या कमानी सत्तेच्या बळावर आल्या होत्या. एकाच छपराखाली परदेशाशी असलेल्या या दोन्ही नात्यांचा पुरावा पाहायला मिळतो, हे या संग्रहालयाचे मोठेपण आहे.

आज येथे ब्रह्मपुरीच्या वस्तूंबरोबर मूर्ती, शिलालेख, नाणी, शस्त्रे आणि चित्रे आहेत. आबालाल रहिमान, दत्तोबा दळवी, बाबूराव पेंटर यांच्या पिढ्यांनी कोल्हापूरला कलापूर केले. त्या परंपरेचीही ओळख येथे होते. बाहेरच्या बागेतली जुनी झाडे, त्यांवर दिवसा लटकलेली वटवाघळे आणि सावलीत विसावलेले रुग्णालयातले नातेवाईक, हा सारा त्या वास्तूचा आजचा संसार आहे.

उपयोग बदलतो, वास्तू टिकते

मँट यांच्या कोल्हापुरातल्या इमारतींचे पुढे काय झाले ते पाहिले, की एक नियम स्पष्ट दिसतो. अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलचे नाव बदलून छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय झाले, पण काम रुग्णसेवेचेच राहिले. पाच-सहा जिल्ह्यांतल्या गोरगरिबांना आजही 'सीपीआर' हाच आधार आहे. भवानी मंडपाजवळच्या हायस्कूलच्या वास्तूतून कॉलेज बाहेर गेले, पण तेथे मुले आजही शिकतात. नव्या राजवाड्याच्या एका भागात १९७४ पासून शहाजी छत्रपती संग्रहालय आहे. टाऊन हॉलचे काम तर पूर्ण बदलले. या चारही वास्तू उभ्या आहेत, कारण त्यांत रोज माणसांची ये-जा आहे.

याच्या उलट रंकाळ्याच्या काठावरचा शालिनी पॅलेस पाहावा. १९३१ ते १९३४ या काळात बांधलेला हा देखणा वाडा १९८७ मध्ये हॉटेल झाला आणि नंतर बंद पडला. आता तो तलावाच्या शोभेपुरता उरला आहे. कुलूप लागलेल्या वास्तूत पाणी झिरपते, लाकूड किडते, आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही. वापर असूनही निष्काळजीपणा झाला तर काय होते, हे ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरने पाहिले. शाहू महाराजांनी बांधलेले पॅलेस थिएटर, म्हणजे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री आगीत जळाले. दगडी भिंती उरल्या, लाकडी छप्पर गेले. त्या रात्री रस्त्यावर उभे राहून रडणाऱ्या कलावंतांना जे वाटले, ते दुसऱ्या कोणत्या वास्तूच्या बाबतीत वाटण्याची वेळ येऊ नये.

हा प्रश्न फक्त आपला नाही. स्कॉटलंडमध्ये गेल्या शतकात रविवारी चर्चला येणाऱ्यांची संख्या घटत गेली आणि अनेक गावांतली, वस्त्यांतली जुनी चर्चे रिकामी पडली. काही पाडली गेली. काहींची घरे, ग्रंथालये, नाट्यगृहे झाली. ग्लासगो शहरातले केल्विनसाइड पॅरिश चर्च हे त्याचे चांगले उदाहरण. जे. जे. स्टीव्हन्सन या वास्तुकाराने ते १८६२ मध्ये बांधले, म्हणजे आपल्या टाऊन हॉलच्या दहा वर्षे आधी. २००४ पासून ते 'ओरान मोर' नावाचे कलाकेंद्र आहे. अ‍ॅलस्डेअर ग्रे या लेखक-चित्रकाराने त्याच्या सभागृहाच्या छतावर भव्य चित्र रंगवले आणि तेथे दुपारच्या जेवणाच्या वेळेत छोटी नाटके होतात. नोकरदार माणसे नाटक पाहून पुन्हा कामावर जातात. चर्च गेले म्हणून वास्तू गेली नाही. शहराने तिला नवे काम दिले आणि त्या कामात शहरातल्या कलावंतांचा हात लागला. आपण टाऊन हॉलला नवे काम त्याच्याही पंचावन्न वर्षे आधी दिले आहे, ही कोल्हापूरसाठी अभिमानाची गोष्ट आहे. मात्र त्यांनी वास्तूत रोज माणसे येतील अशी सोय केली, ती आपण पुरेशी केलेली नाही.

टाऊन हॉलमध्ये पाहण्यासारखे खूप आहे. तरी अंबाबाईच्या दर्शनाला येणारे लाखो भाविक चालत पंधरा-वीस मिनिटांवर असलेल्या या वास्तूकडे वळत नाहीत. कोल्हापूरच्या किती शाळांतल्या मुलांनी पोसायडनची मूर्ती प्रत्यक्ष पाहिली आहे? ब्रह्मपुरीच्या टेकडीवरून रोज जाणाऱ्या किती जणांना आपल्या पायांखाली सातवाहनांचे नगर आहे हे ठाऊक आहे? संग्रहालयात वस्तूंची ओळख सांगणाऱ्या पाट्या सोप्या मराठीत, पुरेशा माहितीने हव्यात. ब्रह्मपुरीचे उत्खनन, राजाराम महाराजांचा युरोप प्रवास आणि मँट यांच्या वास्तू यांवर तेथे कायमचे दालन असावे. दगडी इमारतीच्या छपराची, विजेच्या तारांची आणि आग विझवण्याच्या सोयीची तपासणी दर वर्षी व्हावी आणि ती झाल्याचे लोकांना कळावे. यांतली एकही गोष्ट अशक्य नाही, आणि एखाद्या नव्या उड्डाणपुलाच्या तुलनेत तर फारच थोड्या पैशांत होणारी आहे.

एजंटाने बांधले म्हणून टाऊन हॉल परका मानायचा नाही आणि चर्चसारखा दिसतो म्हणून त्याला नवल मानून पुढे जायचे नाही. त्याच्या पायात कोल्हापूरच्या रयतेचा पैसा आहे, भिंतींत इथल्या पाथरवटांचे कष्ट आहेत आणि दालनांत दोन हजार वर्षांचे आपले घर आहे. पुढच्या वेळी सीपीआर चौकातून जाल तेव्हा अर्धा तास काढा, मुलांना बरोबर घ्या आणि त्या टोकदार कमानीखालून आत जा. वास्तूचे रक्षण कायद्याने होते, निधीनेही होते. पण त्याआधी ते तिच्या दारातून आत जाणाऱ्या नागरिकांमुळे होते.